नाही कोण म्हणालं

नवीन पनवेलला, एका चष्म्याच्या दुकानावर, आमची कंपनी होती. कंपनी म्हणताना मलाच जरा हसू येतं. दोन खोल्या, चार टेबलं, एक इन्व्हर्टर आणि खालून दिवसभर येणारा काचा घासायच्या मशीनचा आवाज. मी आणि माझा मित्र इंजिनिअरिंगला एका बाकावर बसायचो, आम्ही दोघांनी ती काढली. छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. केसपेपर, औषधं, रिपोर्ट, पेशंटचे नंबर असलं सगळं. आणि ते उघडं ठेवायचो. उघडं म्हणजे आतला अख्खा प्रोग्राम कुणीही बघावा, वापरावा, हवा तसा बदलावा आणि बदल चांगला जमला तर आम्हालाही पाठवावा. पैसे घ्यायचो ते फक्त बसवून देण्याचे आणि सांभाळण्याचे.

स्पर्धेत समोर जी कंपनी होती ती इतकी मोठी की आम्ही जिवंत आहोत हे तिला बरीच वर्षं माहीतही नसावं. तिचं सॉफ्टवेअर कुलपातलं. पेशंटची माहिती एकदा आत गेली की ती सांगेल तेव्हा आणि ती सांगेल तशीच बाहेर येणार. आम्हाला वाटायचं, डॉक्टरांना हे एकदा नीट समजावलं की आपल्या दारात रांगा लागतील. रांगा कसल्या डोंबलाच्या! जुन्या पनवेलच्या एका डॉक्टरांना मित्राने तासभर सगळं समजावलं आणि शेवटी हुकमी पान टाकल्यासारखं सांगितलं की आमचं फुकट आहे. डॉक्टर म्हणाले, त्या मोठ्या कंपनीचंही आमच्याकडे फुकटच आहे, मेहुण्याने कुठून तरी आणून टाकून दिलंय. मित्र परत आला आणि खुर्चीत बसून पोट धरून हसला. मीही हसलो. चोरीच्या मालाशी स्पर्धा करायची हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तरी अकरा वर्षं टिकलो. रायगडातले, ठाण्यातले, पुढे नाशकाकडचेही दवाखाने आले. आम्ही ठेवलेली मुलं मात्र एकेक करून ऐरोलीला नाहीतर पुण्याला गेली. त्यांना का दोष द्यावा? शेवटी आम्ही दोघेच उरलो. मित्र बाहेरचं बघायचा, लोकांशी बोलायचा, हसायचा, वाट्टेल तेवढे चहा प्यायचा. मी आतलं बघायचो. मला माणसांशी बोलणं जमत नाही. मी पटकन चिडतो आणि चिडलेलं लपवता येत नाही. मित्र गिऱ्हाइकांना सांगायचा की आमच्यातला हुशार तो आहे, म्हणून त्याला मी बाहेर काढत नाही.

घरी मी एकटा. आई होती तोवर जेवताना तरी कुणीतरी बडबड करायचं. ती गेल्यावर मी टीव्ही लावून जेवायला लागलो, मग त्याचाही कंटाळा आला. शेजारचे लोक चांगले आहेत, दिवाळीला फराळाचं ताट देतात, आणि मी ते रिकामं ताट परत द्यायला आठवडा लावतो. एकटेपणाबद्दल लोक उगाच काहीतरी सुंदर लिहितात. मला त्यात सुंदर काही सापडलं नाही. रविवारी संध्याकाळी घशातून आवाज नीट निघत नाही, कारण शुक्रवारपासून तो वापरलेलाच नसतो.

मला सोबत होती ती कामातून. बाहेरून बदल पाठवणारी नऊ माणसं होती. कोण नांदेडचा, कोण बेळगावचा, एकजण तर परदेशात होता. कुणालाच मी भेटलो नव्हतो. आलेला प्रत्येक बदल मी ओळ न् ओळ तपासायचो, खाली शेरा लिहायचो, ते उत्तर द्यायचे. या नऊंमधल्या एकाने आमचं काम सगळ्यात जास्त केलं. नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं आणि एक आकडा. पहिला बदल आला तो केसपेपर मराठीत छापताना जोडाक्षरं तुटायची, त्याचा. मी तो तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा इतका नेटका आला की मला काढायला चूकच सापडली नाही, आणि त्याचाही मला राग आला.

मग त्याने पाळीचा भाग लिहिला, म्हणजे कुठल्या पेशंटला कधी आत सोडायचं ते ठरवणारा. आमचा आधीचा भाग अगदीच बाळबोध होता, आला तसा नंबर. याने त्यात म्हातारे आणले, तापाने फणफणलेली मुलं आणली आणि एक रकाना घातला: परतीची गाडी कितीची? मी शेऱ्यात खवचटपणे विचारलं की दवाखान्याला एसटीच्या वेळापत्रकाशी काय करायचंय. उत्तर आलं की डोंगरातल्या वाडीवरून जे येतात त्यांची शेवटची गाडी चुकली तर ते रात्रभर फाट्यावर बसतात, म्हणून पुढच्या वेळी येतच नाहीत. मी बदल घेतला. पुढे आमचं सॉफ्टवेअर ज्या दवाखान्यांनी मोठ्या कंपनीचं सोडून घेतलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते या भागासाठी घेतलं.

सात वर्षं हे चाललं. बदल यायचे ते दुपारी एक ते चारमध्येच. माझी समजूत अशी की हा कुणी कॉलेजचा पोरगा असणार, तास बुडवून बसणारा. मी कधी विचारलं नाही. पण दुपारी चार वाजले की कालच्या माझ्या शेऱ्याला काय उत्तर आलंय ते आधी बघायचो, चहा नंतर. कधी त्यात चिमटा असायचा. एकदा मी फारच लांबलचक शेरा लिहिला तर खाली आलं की आज जेवायला उशीर झाला वाटतं. खरंच झाला होता. दिवसभरात माझ्याशी कुणी एवढं जवळचं बोलत नव्हतं हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

त्या सुमारास मोठ्या कंपनीला आम्ही दिसलो. दोन माणसं आली, चष्मेवाल्याच्या जिन्यावरून बूट वाजवत. त्यांना आमची कंपनी विकत घ्यायची होती. आम्हा दोघांना चांगली नोकरी, मित्राला वरची जागा. अट एकच, सगळा प्रोग्राम त्यांच्या मालकीचा हवा आणि पुढे तो बंद होणार. तोवरची जुनी आवृत्ती उघडी राहणारच होती, ती कुणाच्या बापाला परत घेता येत नाही, पण आम्हा दोघांना तिला हात लावायची बंदी. आणि आमच्या हाताशिवाय ती फार दिवस चालली नसती.

ते गेल्यावर मित्राने मला विचारलं, तुला काय वाटतं. तो खिडकीशी उभा होता, पाठमोरा. तो थकला होता हे मला दिसत होतं. त्याची मुलगी दहावीला होती आणि तिचं अर्धं बालपण त्याने दवाखान्यांच्या बाकांवर घालवलं होतं.  मला ओरडून सांगायचं होतं की नको, अजिबात नको. मी म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कर. तो म्हणाला, ठीक आहे, कागद बघू.

कागदातच अडचण होती. आमच्या धंद्यात ज्याने जे लिहिलं ते त्याचंच राहतं, तो फक्त सगळ्यांना वापरायला देतो. विकायचं तर प्रत्येकाची संमती हवी. शहाण्या कंपन्या पहिल्याच बदलाच्या वेळी तसं लिहून घेतात. आमच्याकडे तो विषय निघाला होता तेव्हा मीच फणकारलो होतो की कुणी परका माणूस आपणहून काम करून देतोय आणि आपण त्याच्यापुढे कागद सरकवायचा, लाज नाही का वाटत? मित्राने तेव्हा मान डोलावली होती. आता नऊ जणांना पत्रं लिहायची वेळ आली. आठ सह्या पंधरा दिवसांत आल्या. नववी आली नाही, आणि ती नेमकी पाळीच्या भागाची. गंमत म्हणजे बदल येत होते, पत्राचं उत्तर तेवढं येत नव्हतं. शेवटी मी एका बदलाखालीच विचारलं की पत्र मिळालं का. उत्तर आलं: कागदाचं समोरासमोर बोलू, दवाखान्यात या, एक ते चार. खाली चिरनेरच्या पुढच्या एका गावाचं नाव होतं. म्हणजे माझा कॉलेजकुमार माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर बसत होता.

मी स्कूटरवरून गेलो. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांनी जीव नकोसा केला. दवाखाना एका ट्रस्टचा, बैठा, कौलारू. दार लोटलेलं. केसपेपरच्या खिडकीमागे पंचेचाळिशीच्या एक बाई चष्मा नाकावर ओढून बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं की अमुक अक्षरांचा माणूस इथे कुठे भेटेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हसल्या.

"तुमी म्हातारे असाल असं वाटलेलं," त्या म्हणाल्या. "शेरे म्हाताऱ्यासारखे असतात."

गावातल्याच आगरी घरातल्या होत्या. बारावीनंतर कसलासा कोर्स केला, लग्न झालं, नवरा गेला, मग ट्रस्टने खिडकीवर बसवलं. दवाखाना एक ते चार बंद. घरी जाऊन करायचं काय, म्हणून कॉम्प्युटर उघडून आत काय आहे ते बघायला लागल्या. आमचं उघडं होतं म्हणून बघता आलं. हे त्यांनी फार साधेपणाने सांगितलं. मग चहा केला आणि आम्ही त्या पाळीच्या भागाबद्दल बोलायला लागलो. कुठली ओळ मी का परत पाठवली होती, कुठे त्या मनातल्या मनात मला शिव्या देत होत्या, कुठे त्यांचंच बरोबर होतं आणि मी अडून बसलो होतो. मी इतका बोललो की घसा दुखला. चिडलो नाही एकदाही. चार वाजता लोक यायला लागले तेव्हा मी बाजूला बाकावर बसलो. एक कातकरी बाई कडेवर मूल घेऊन आली. खिडकीवरच्या ताईंनी विचारलं, गाडी कितीची, आणि तिचा नंबर सहा जणांच्या पुढे गेला. कुणी कुरकुरलं नाही. माझा प्रोग्राम मी अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोगी पडताना बघत होतो. त्या दुपारइतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

कागदाचा विषय मी काढलाच नसता. गर्दी ओसरल्यावर त्यांनीच हात पुढे केला. सगळा वाचला, दुसऱ्या पानावर परत गेल्या.

"म्हणजे यापुढं आतलं काय दिसणार नाय."

नाही, मी म्हणालो. इथे चालतंय ते चालत राहील, पण आम्हाला त्यात काही करता येणार नाही. त्यांनी विचारलं की मला हे हवं आहे का. मी म्हणालो, कंपनीला गरज आहे. हे उत्तर नव्हतं आणि ते त्यांनाही कळलं असावं. थोड्या वेळाने त्यांनी पेन उचललं.

"तुमी सात वर्षं माझ्या चुका काढल्यात, पण मला कमी कधी लेखलं नाय," त्या म्हणाल्या. "तुमाला गरज हाय तर घ्या."

सही केली. तारीख घातली. मग कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्यादेखत त्याच्यावर कापड घातलं. मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या आणि जपून जा, रस्त्यात गाड्या फार, एवढंच म्हणाल्या.

येताना मी हायवेने आलो आणि कर्नाळ्याच्या चढावर स्कूटर बाजूला घेऊन बराच वेळ उभा राहिलो. उद्यापासून काही येणार नाही, एवढा एकच विचार डोक्यात. सकाळी ऑफिसात जायचं, खुर्चीत बसायचं आणि दुपारी चारला समोर काही आलेलं नसणार. मोठ्या कंपनीत माझ्या आजूबाजूला शंभर माणसं असती, पण मला त्या शंभरांचं काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी मित्राने मी बॅग ठेवायच्या आतच विचारलं, काय झालं.

"नाही म्हणाल्या," मी म्हणालो.

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मला आतून मोकळं वाटलं, ते सांगितलंच पाहिजे.  मित्र म्हणाला, मी जाऊन बोलू का, मला जमतं. मी म्हणालो, नको, त्या पक्क्या आहेत, उगाच बाईमाणसाला त्रास नको. त्याने मान डोलावली आणि माझ्यासाठीही चहा सांगितला. महिन्याभरात सौदा फिसकटला. त्याने तीन महिन्यांनी त्याच मोठ्या कंपनीत नोकरी धरली, एकट्याने. जाताना किल्ल्या टेबलावर ठेवल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यावर त्याचा काडीचा राग नव्हता. तेच मला सहन होत नव्हतं.

आता प्रोग्राम उघडा राहिला होता आणि मी ताईंच्या बदलाची वाट बघत होतो. आलाच नाही. येणार कसा? त्यांच्या हिशेबी सगळं विकलं गेलं होतं. त्यांना कळवायचं तर विकलं का गेलं नाही हेही सांगायला हवं. मी रोज पत्र लिहायला घ्यायचो आणि रोज पुसायचो. मी काय केलंय हे मला पुरतं ठाऊक होतं. पण आज नको, उद्या, असं करत पावसाळा गेला, गणपती गेले.

शेवटी बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली मित्राने, आणि तीही चांगुलपणाने. नोकरीत स्थिरावल्यावर त्याने नऊही जणांना आभाराचं पत्र लिहिलं. त्यात होतं की पाळीचा भाग लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनी संमती दिली नाही म्हणून विक्री झाली नाही, त्यांच्या मताचा आम्हाला आदर आहे. त्यावर बेळगावच्याने आमच्या बदलांच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की एका हट्टी माणसामुळे इतरांची संधी गेली. सौद्यात त्यालाही नोकरी मिळायची होती, हे मला माहीत होतं. ताईंनी तिथे एक अक्षर लिहिलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी ऑफिसचा फोन वाजला.

"मी सही दिलेली ना?"

हो, मी म्हणालो.

"मग नाय कोन म्हणालं?"

मी म्हणालो, मी. आणि मग सगळं घाईघाईने सांगायला लागलो. तुमचं काम बंद कुलपात जाऊ नये म्हणून केलं, तुम्ही ते कापड टाकलंत ते मला बघवलं नाही, तुम्हाला परत कळवणारच होतो. त्यांनी मधे तोडलं नाही. माझं संपेपर्यंत थांबल्या.

"मला बोल लागला त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "पण मी हो म्हणालेले. कठीण गेलेलं मला. तुमी ते पुसलंत आणि तुमचं नाय माझ्या तोंडात घातलंत. तुमच्या तोंडानं बोलला असतात तर मी दुसऱ्या दिवशी परत कामाला बसले असते."

मी म्हणालो, अजूनही बसा. त्या म्हणाल्या, नाय सर, आता नाय. सात वर्षांत त्यांनी मला सर म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी त्यांची सही असलेला कागद त्याच पानावर सगळ्यांना दिसेल असा लावला आणि खाली लिहिलं की यांनी होकार दिला होता, नाही मी म्हणालो, आणि ते खोटं होतं. ते लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतके महिने मी काय करत होतो कोण जाणे.

मित्राचा फोन संध्याकाळी आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती, माझ्या हक्काच्या होत्या.  मागे त्याच्या मुलीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी जेवायला बोलावत होती.

"मी तुला त्या दिवशी विचारलं होतं," तो म्हणाला. "तू नको म्हणाला असतास तर मी थांबलो असतो रे."

मग तो म्हणाला, चल, ठेवतो, पानं वाढलीत.